मोठे फोटो तुकड्यांनी पाठवा, पण हिशेब सर्व्हरकडे ठेवा

शहाद्याच्या एका तरुण डेव्हलपरचा प्रश्न आहे. केळी आणि पपईच्या बागेतल्या रोगाचे फोटो शेतकऱ्याच्या मोबाइलवरून कृषी सल्लागाराकडे पोचवणारं अ‍ॅप तो बनवतोय. एकेक फोटो ८ ते १५ एमबीचा. ऑफिसात सगळं सुरळीत चालतं, पण रावेर-यावलच्या बागेत किंवा वर धडगावकडे गेलं की अपलोड सत्तर-ऐंशी टक्क्यांवर अडकतं, तुटतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता फाइलचे तुकडे करून पाठवायचं त्याने ठरवलंय. तुकडा केवढा ठेवू, तयार लायब्ररी वापरू की स्वतः लिहू, आणि मध्येच फोन बंद पडला तर काय, असं त्याला विचारायचंय.

भाऊ, तुकडे करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. ब्राउझरमध्ये फाइल हाती आली की अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा भाग स्लाइसने एका ओळीत काढता येतो. अँड्रॉइडवर फाइलमध्ये हव्या त्या जागी सरकून तिथून पुढे वाचायचं. खरा कस लागतो तो ‘आतापर्यंत किती पोचलं’ हे ठरवताना. तिथे मी एकच नियम पाळतो आणि तो कधी मोडत नाही: किती पोचलं हे सर्व्हर सांगेल, फोन फक्त विचारेल. केळीची गाडी भरताना घड मोजायला गाडीपाशी एकच माणूस उभा असतो. कापणाऱ्याने किती कापले यावर पैसे ठरत नाहीत, गाडीत किती चढले यावर ठरतात. अपलोडचा हिशेब तसाच आहे.

आधी सध्याचं अपलोड का तुटतं ते बघू. वेबवर फॉर्ममधून फाइल पाठवायची जी नेहमीची पद्धत आहे ती १९९५ सालची. त्यात पूर्ण फाइल एकाच विनंतीत जाते. डाउनलोड मध्येच तुटलं तर ‘अमुक बाइटपासून पुढचं दे’ असं मागायची सोय एचटीटीपीत, म्हणजे फोन आणि सर्व्हर वेबवर ज्या नियमांनी बोलतात त्यात, आहे. अपलोडसाठी तशी आपोआप मिळणारी सोय नाही. फोन घरच्या वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो, जुनं कनेक्शन मरतं आणि त्यासोबत गेलेले ११ एमबीही वाया जातात.

त्यात आपल्याकडची परिस्थिती. फोनवर रेंजच्या तीन कांड्या दिसतात, व्हिडिओही चालतो, मग फोटो का जात नाही असं शेतकरी विचारतो आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो. ४जी फोनची प्रसारणशक्ती साधारण २०० मिलिवॉटपर्यंत असते, टॉवरची त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे टॉवरचं फोनपर्यंत येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत जाताना दमछाक होते. वरून केळीची बाग दाट, पानं रुंद आणि पाण्याने भरलेली. ती रेडिओ सिग्नल शोषतात. बांधावर उभं राहून केलेली चाचणी आणि बागेच्या आत दहा ओळी जाऊन केलेली चाचणी यात फार फरक पडतो. तुमची चाचणी आत जाऊन करा.

आता नियमाकडे येतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा, तुकडा २५६ केबीचा, म्हणजे २,६२,१४४ बाइटचा आहे. सात तुकडे पोचले. सर्व्हरच्या नोंदीत १८,३५,००८ बाइट जमा. फोनने आठवा तुकडा पाठवला. सर्व्हरला तो मिळाला, त्याने डिस्कवर लिहिला, नोंद २०,९७,१५२ केली आणि ‘मिळालं’ असं उत्तर पाठवलं. नेमकी तेव्हा रेंज गेली आणि उत्तर फोनपर्यंत आलंच नाही. फोनच्या लेखी सात तुकडे, सर्व्हरच्या लेखी आठ. दोघंही प्रामाणिक आहेत, तरी हिशेब जुळत नाही.

फोन स्वतःच्या नोंदीवर विसंबून आठवा तुकडा पुन्हा पाठवेल. सर्व्हर मिळालं ते शेवटी जोडत जाणारा असेल, तर तोच तुकडा फाइलमध्ये दोनदा बसेल. जेपेगमध्ये चित्राचा पुढचा भाग मागच्या बाइटांच्या आधाराने उलगडतो, म्हणून मध्ये फालतू बाइट घुसले की त्या रेषेच्या खालचं चित्र सरकतं, भलत्याच रंगाचं होतं किंवा सरळ राखाडी पडतं. अशा बिघडलेल्या फोटोत सल्लागाराला पानावर पिवळे पट्टे दिसले आणि त्याने हरण्या रोग समजून झाडं उपटायला सांगितली, तर त्या शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देणार? हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, पसरवतो मावा. आणि रोगट झाड उपटून नष्ट करणं हाच त्यावरचा मुख्य इलाज आहे. चुकीच्या फोटोची किंमत इतकी मोठी असू शकते.

म्हणून प्रत्येक वेळी, कनेक्शन परत आलं की फोनने आधी विचारायचं: माझ्या या फोटोचं तुझ्याकडे किती आलंय? उत्तर येईल २०,९७,१५२. तिथून पुढे पाठवायचं. आणि सर्व्हरनेही कडक राहायचं. प्रत्येक तुकड्यासोबत तो कितव्या बाइटपासून सुरू होतो हे आलंच पाहिजे. ते आपल्या नोंदीशी जुळत नसेल तर तुकडा न लिहिता ४०९, म्हणजे ‘हिशेब जुळत नाही’ असं उत्तर, परत द्यायचा. ४०९ आला की फोनने घाबरायचं नाही, पुन्हा विचारायचं आणि खऱ्या जागेपासून चालू करायचं.

हे सगळं लिहून ठेवलेला टस नावाचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीची नियमावली, आहे. त्यात एचटीटीपीच्या तीन प्रकारच्या विनंत्या लागतात: पोस्टने अपलोड उघडायचं आणि एकूण आकार सांगायचा, हेडने किती आलंय ते विचारायचं, पॅचने पुढचे बाइट पाठवायचे. बस, एवढंच. जावास्क्रिप्ट, अँड्रॉइड, आयओएस सगळ्यांसाठी त्याच्या लायब्ररी आहेत आणि सर्व्हरही तयार मिळतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच स्पष्ट आहे: स्वतः प्रोटोकॉल रचू नका, टस वापरा. गुगलच्या क्लाउड स्टोरेजचं रिझ्युमेबल अपलोडही याच विचारावर चालतं. तिथे ३०८ उत्तरासोबत सर्व्हर सांगतो की मी इथपर्यंतच पक्कं लिहून घेतलंय, आणि तो आकडा तुम्ही पाठवलेल्यापेक्षा कमी असू शकतो. पाठवलं आणि पोचलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी नियमातच धरलंय.

एक बारीक जागा मात्र लायब्ररी वापरूनही राहून जाते. अपलोड उघडणारी पहिली पोस्ट विनंतीही अशीच हरवू शकते: सर्व्हरवर अपलोड उघडलं, पण त्याचा पत्ता फोनला मिळालाच नाही. फोन दुसरं अपलोड उघडतो आणि एका फोटोच्या दोन नोंदी होतात. यासाठी फोटो काढल्या क्षणी फोनवरच एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा ओळख क्रमांक, तयार करा, तो मेटाडेटातून (फोटोसोबतच्या माहितीतून) पाठवा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवीन न उघडता जुन्याचाच पत्ता द्यावा. फाइलच्या नावावर ओळख ठेवू नका. दोन फोनमध्ये एकाच नावाचे फोटो सर्रास असतात.

आता तुकडा केवढा. याला एकच आकडा नाही, पण रीत आहे: सर्वात वाईट ठिकाणच्या वेगाला एक तुकडा पाच ते दहा सेकंदांत गेला पाहिजे. बागेत अपलोडचा वेग सेकंदाला ५० केबी धरा. २५६ केबीचा तुकडा पाच सेकंदांत जातो. तुटला तर तेवढंच नुकसान. १२ एमबीच्या फोटोचे असे ४८ तुकडे होतात आणि एकूण चार मिनिटांच्या आसपास लागतात. प्रत्येक तुकड्यामागे उत्तराची वाट बघण्यात २०० मिलिसेकंद गेले तरी सगळे मिळून दहा सेकंदही होत नाहीत. चार मिनिटांत दहा सेकंद काहीच नाहीत.

पण तोच फोन संध्याकाळी घरच्या वाय-फायवर आला आणि वेग सेकंदाला १ एमबी झाला, की अख्खा फोटो बारा सेकंदांत जायला हवा आणि वर दहा सेकंद नुसती वाट बघण्यात जातात. म्हणजे छोटा तुकडा तिथे जवळपास दुप्पट वेळ खातो. यावर उपाय सोपा आहे: सुरुवात २५६ केबीने करा, तुकडा दोन सेकंदांच्या आत गेला तर पुढचा दुप्पट करा, अडकला तर निम्मा. वर ४ एमबीची मर्यादा ठेवा, खाली १२८ केबीची. टसमध्ये तुकडे एकाच मापाचे असायची सक्ती नाही, त्यामुळे हे बिनधास्त करता येतं. गुगलच्या पद्धतीत शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा २५६ केबीच्या पटीतच लागतो, हे तिथे लक्षात ठेवा.

पुष्कळ जण फोनवरून थेट अ‍ॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड स्टोरेजवर मल्टिपार्ट, म्हणजे भागाभागाने, अपलोड लावतात. शहरातल्या वापरकर्त्यांसाठी ते ठीक आहे. पण एस३ मध्ये शेवटचा सोडून कुठलाही भाग ५ एमबीपेक्षा लहान चालत नाही. सेकंदाला ५० केबीच्या वेगाने एक भाग जायला पावणेदोन मिनिटं लागतात, आणि मोलगी-धडगावच्या रस्त्यावर सलग पावणेदोन मिनिटं रेंज टिकेल यावर मी तरी अ‍ॅप उभं करणार नाही. मध्ये आपला छोटा सर्व्हर ठेवा, त्याने छोटे तुकडे घ्यावेत आणि पुढे स्टोरेजला मोठे करून द्यावेत. एस३ वापरलंच तर अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट अपलोडचे पैसे लागत राहतात, ते ठराविक दिवसांनी रद्द करणारा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा.

आता फोनची बाजू. बरेच नवे डेव्हलपर फोटो आधी बेस६४ करतात, म्हणजे त्याचे बाइट साध्या अक्षरांत लिहितात, आणि जेसन या मजकुराच्या साच्यात घालून पाठवतात. हे आजच बंद करा. बेस६४ मुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो. जिथे एकेक केबी मोलाची तिथे १२ चे १६ एमबी पाठवण्यात अर्थ नाही. आणि पाठवायला फोटो उलगडून मेमरीत घ्यायची गरजच नसते. ५० मेगापिक्सेलचा फोटो उलगडला की पिक्सेलला चार बाइट धरून २०० एमबी मेमरी खातो, आणि ३ जीबी रॅमच्या फोनवर अ‍ॅप तिथेच बंद पडतं. फाइल बाइट म्हणूनच वाचा, लागेल तेवढा तुकडा घ्या आणि सोडा.

दुसरं, गॅलरीतल्या फाइलच्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका. शेतकरी फोटो काढतो, पाठवा दाबतो आणि घरी गेल्यावर जागा रिकामी करायला गॅलरी साफ करतो. अपलोड अजून अर्ध्यात असतं. निवडलेला फोटो आधी अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि सर्व्हरने ‘पूर्ण आणि तपासून घेतलं’ असं कळवेपर्यंत ती कॉपी काढू नका. फोन बंद पडला तर काय, याचंही उत्तर यातच आहे: डिस्कवर फोटोची कॉपी, त्याचा यूयूआयडी आणि अपलोडचा पत्ता एवढं जपलं असेल तर फोन दोन दिवसांनी चार्ज झाला तरी काम जिथल्या तिथून पुढे जातं. तोवर लॉगिनचा टोकन संपलेला असू शकतो. तो ताजा करून मगच पुढचा तुकडा पाठवा. ४०१, म्हणजे ‘लॉगिन चालत नाही’ असं उत्तर, आला म्हणून अपलोड फेकून देऊ नका.

दोन सिमचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. बहुतेकांच्या फोनमध्ये एक सिम नेटचं आणि दुसरं बोलायचं. दुसऱ्या सिमवर फोन आला की पुष्कळ फोनमध्ये पहिल्या सिमचं नेट बोलणं संपेपर्यंत थांबतं. कटाईच्या दिवसांत व्यापारी, मजूर, गाडीवाला यांचे फोन सारखे चालू असतात, म्हणजे तुमचं अपलोड दिवसभर तुटत-जुळत राहणार. याला बिघाड धरू नका, हाच नेहमीचा दिवस आहे. पाचदा तुटलं म्हणून ‘अपलोड अयशस्वी’ दाखवणारी लायब्ररी असेल तर ती मर्यादा काढून टाका.

पुन्हा प्रयत्न करताना मधलं अंतर वाढवत न्या: १, २, ४, ८ सेकंद असं, आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळा. गावात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते, आणि लाइट आली की गावातले सगळे फोन एकदम जागे होतात. सगळ्यांनी एकाच सेकंदाला सर्व्हरवर धाव घेतली तर पुन्हा कोंडी. एखादा तुकडा पोचला की ते अंतर परत १ सेकंदावर आणा, हे बरेच जण विसरतात.

अँड्रॉइडवर हे सगळं वर्कमॅनेजरमध्ये टाका, म्हणजे स्क्रीन बंद झाली, अ‍ॅप मागे गेलं, फोन रीस्टार्ट झाला तरी सिस्टिम काम पुन्हा उचलते. अँड्रॉइड १४ पासून वापरकर्त्याने स्वतः सुरू केलेल्या मोठ्या हस्तांतरणासाठी वेगळ्या प्रकारचा जॉब आलाय, नव्या फोनसाठी तोही बघा. नुसतं वेब पान ठेवणार असाल तर माझा विरोध नोंदवून ठेवतो: फोन खिशात गेला की ब्राउझरचा टॅब झोपतो, आणि शेतात फोन खिशातच जाणार. आयफोनवर पार्श्वभूमीतलं अपलोड डिस्कवरच्या फाइलमधूनच चालतं, तेवढं पाळा.

आता तुम्ही विचारला नाही तो प्रश्न. प्रत्येक फोटो लगेच, पूर्ण आकाराचा हवाय का? करपा किंवा हरण्या ओळखताना पानावरची बारीक रेष लागते, म्हणून मूळ फोटो हवा हे मला मान्य. पण सल्लागाराला पहिल्या नजरेत काय आहे हे कळायला १६०० पिक्सेल रुंदीची प्रत पुरते आणि ती बहुधा ३०० ते ५०० केबीत बसते. आधी सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रती पाठवा. मूळ फाइली मागच्या रांगेत ठेवा, वाय-फाय मिळालं की जातील, आणि सल्लागाराने ‘हा मोठा हवा’ म्हटलं तर तो एक रांगेत पुढे घ्या. शेतकऱ्याला दोन मिनिटांत ‘फोटो पोचला’ असं दिसलं की तो अ‍ॅपवर विश्वास ठेवतो. गारपीट-वादळाच्या नुकसानीत तर याचं मोल आणखी वाढतं, कारण पीक विम्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. एक सावधगिरी: छोटी प्रत बनवताना फोटोतली वेळ, जागा आणि आडवा-उभा ही माहिती सहसा गळून पडते. ती मूळ फाइलमधून आधी वाचून वेगळी पाठवा. सर्व्हरवर फोटो आला ती वेळ वेगळी आणि बागेत काढला ती वेळ वेगळी, या दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत भरा.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही, ४१३ (‘विनंती फार मोठी’) देतं. पीएचपीची फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आहे. तुकडा वाढता ठेवणार असाल तर हे आधी बदला. तुकड्यांच्या वेगवेगळ्या फाइली ठेवून शेवटी जोडण्यापेक्षा एकाच फाइलमध्ये त्या-त्या जागी लिहा. मागे दोन-तीन सर्व्हर असतील तर एका फोटोचे तुकडे वेगवेगळ्या मशिनच्या डिस्कवर पडणार नाहीत याची सोय करा, नाहीतर कधी सापडतं कधी नाही असा भुताटकीचा दोष मागे लागतो. शेवटचा तुकडा आला की पूर्ण फाइलचा शा-२५६, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढून फोनने पाठवलेल्याशी ताडून बघा, जुळला तरच फाइल खऱ्या फोल्डरमध्ये हलवा. अर्धवट फाइली पंधरा दिवसांनी काढा. त्याहून लवकर नको, कारण पाड्यावरचा माणूस बाजाराच्या दिवशीच रेंजमध्ये येतो.

प्रगतीची पट्टी सर्व्हरने कबूल केलेल्या बाइटांवरच पुढे सरकवा. ब्राउझर जो आकडा देतो तो फोनमधून बाहेर सोडलेल्या बाइटांचा असतो. त्यावर पट्टी चालवली की ती ८० टक्क्यांवरून ६० वर मागे येते आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. रेंज नसताना लाल अक्षरात ‘त्रुटी’ लिहू नका. ‘रेंज नाही. फोटो सुरक्षित आहे, रेंज आली की आपोआप जाईल’ एवढं लिहा, आणि ते खरं असेल असं अ‍ॅप बनवा.

चाचणीसाठी ब्राउझरमधला वेग कमी करायचा पर्याय सुरुवातीला ठीक, पण तो कनेक्शन तोडत नाही, फक्त हळू करतो. विमान मोड चालू-बंद करा, अपलोड चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन लावा, सर्व्हरवर मुद्दाम तुकडा लिहून झाल्यावर उत्तर न देता कनेक्शन बंद करणारा एक चाचणीचा रस्ता ठेवा. वर सांगितलेला आठव्या तुकड्याचा गोंधळ त्यातच पकडला जातो. आणि एकदा भुसावळहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसा. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार असं जाताना रेंज येते, जाते, ४जीवरून खाली उतरते, पुन्हा चढते. जळगावला वीस फोटो रांगेत टाका आणि फोन खिशात ठेवा. नंदुरबारला उतरल्यावर अ‍ॅप न उघडता सर्व्हरवर बघा: वीसच नोंदी हव्यात, एकोणीस नको, एकवीस नको, आणि प्रत्येकाचा शा-२५६ जुळलेला हवा.